संतपदाचा फेरफार

चर्चच्या दारावर नोटीस लागली तेव्हा मला त्या गावात येऊन तीनच आठवडे झाले होते. नोटीस अशी होती: "तमाम लोकांस कळविण्यात येते की, येथील दवाखान्याच्या मयत सिस्टर यांचे नाव संतांच्या नोंदवहीत दाखल करणेबाबत कार्यवाही सुरू करावयाची आहे. कोणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांचे आत, कारणांसह, निम्नस्वाक्षरीकाराकडे दाखल करावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही." खाली सही आणि सहीखाली "मंडळ अधिकारी (सेवानिवृत्त)".

मी लातूरची. मिशनच्या शाळेत मराठी शिकवायला म्हणून कंधारच्या अलीकडच्या त्या गावात गेले होते. आमचं घर बौद्ध. कॅथलिक लोकांत संत कसे होतात याची मला काडीची माहिती नव्हती, त्यामुळे सगळीकडे असंच होत असेल असं मी धरून चालले. शिवाय ज्यांची सही होती ते माझे घरमालक होते. नव्या भाडेकरणीने घरमालकाच्या कामात नाक खुपसू नये एवढं शहाणपण माझ्याकडे होतं.

नोटीस भलतीच आहे हे मला आमच्या फादरांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते तिशीतले, नुकतेच बदलून आलेले होते. रविवारची मिस्सा झाल्यावर ते सर्कल साहेबांना, म्हणजे माझ्या घरमालकांना, बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, असं नसतं हो. हे बिशप करतात. मग कागद रोमला जातात. पोप ठरवतात."

"ठरवू द्या की," सर्कल साहेब म्हणाले. "पन जमिनीच्या नोंदीचा फेरफार मंजूर करायच्या आदी चावडीवर नोटीस लागती. पोपला इथली चावडी म्हाईत न्हाई, म्हनून मी लावली."

फादरांनी नोटीस काढली नाही. सर्कलने चिकटवलेला कागद काढायची त्या गावात कुणाची छाती नव्हती.

महसूल खात्यात तलाठ्याच्या वर जो मंडळ अधिकारी असतो त्याला आमच्याकडे सर्कल म्हणतात. हे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. घराणं तीन पिढ्यांचं कॅथलिक. अंगावर कायम पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेनाने ते काहीच लिहीत नसत. ते मंजुरीचं पेन होतं आणि मंजुरीचा अधिकार निवृत्तीबरोबर गेला होता. मग खिशाला कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "सवय गेली की खांदा वाकडा हुतोय."

त्यांचा एक प्रश्न होता आणि तो ते सगळ्यांना विचारत. "ऐकीव हाय का बघितलेलं?" मी सांगितलं की नांदेडची गाडी आज आलीच नाही, की हा प्रश्न. मी सांगितलं की शेजारच्या घरी मुलगी झाली, की हा प्रश्न. माझ्या खोलीचं छत गळतंय असं सांगितलं तेव्हा ते टेप घेऊन आले, बरोबर चहावाल्याला पंच म्हणून आणलं, ओल मोजली, पूर्व-पश्चिम दाखवून नकाशा काढला आणि माझी सही घेतली. दुसऱ्या दिवशी स्वतः शिडीवर चढून पत्रा नीट केला. काम पाच मिनिटांचं होतं, पण बघितल्याशिवाय त्यांच्या लेखी छत गळत नव्हतं.

नोटिशीवर खरोखरच हरकती आल्या. ज्या बाईला गाव संत मानायला निघालं होतं तिच्याविरुद्ध बोलायची संधी असते हे लोकांना आधी ठाऊकच नव्हतं. एकाने लिहून दिलं की सिस्टरने त्याचा चांगला दात उपटला आणि किडका ठेवला. एकाने लिहिलं की ती त्याच्या सासऱ्यासमोर त्याला "बिडी सोड, नाहीतर बायको सोड" असं म्हणाली. सगळ्या ग्रामपंचायतीला एका दमात गाढव म्हटल्याची हरकत होती, तिच्यावर पाच सदस्यांच्या सह्या होत्या. आणि एक हरकत अशी होती की सिस्टर चहात चार चमचे साखर घालत असत व खादाडपणा हे पाप आहे. ही खुद्द सर्कल साहेबांची होती. त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून नोंदवणं भाग होतं.

सुनावणी आमच्या ओसरीवर झाली. मी लिहून घ्यायला बसले होते. प्रत्येकाचं ऐकून घेऊन सर्कल साहेब एकच निकाल देत होते: "हरकत मान्य. तथापि संतपदास बाधा येत नाही." त्यांचं म्हणणं असं की बाई चिडकी होती, फटकळ होती, हे रोमला आधीच कळलेलं बरं. पूर्वी म्हणे रोममध्ये अशा प्रकरणात उलट बाजूने बोलायला एक मुद्दाम नेमलेला माणूस असे, त्याला सैतानाचा वकील म्हणत. आता ते पद त्या रूपात राहिलेलं नाही, हे फादरांनी सांगितल्यापासून सर्कल साहेब बेचैन होते. "वकिलाबिगर चाललेली केस म्हंजे एकतर्फी निकाल, मॅडम. उद्या कोनीबी उठून अपील करंल."

शेवटची हरकत तोंडी होती. गयाबाई नावाची बाई ओसरीच्या पायरीवर बसली होती. दवाखान्यात वीसएक वर्षं तिने सिस्टरच्या हाताखाली काम केलेलं. सुया उकळणं, लेकरं धरणं, बाळंतिणीचे पाय चोळणं. वय साठीच्या पुढे, आवाज बारीक आणि जात्याच ठाम.

"माझं येवढंच म्हननं हाय," ती म्हणाली, "तिला उकरू नका."

"कोन उकरायलंय?" सर्कल साहेब म्हणाले.

"संत केलं की उकरत्यात. माझी भाची गोव्याला कामाला हाय, तिनं सांगितलं. हाडं काढत्यात, धूत्यात, डबीत घालत्यात, गावोगाव वाटत्यात."

सर्कल साहेबांनी फादरांकडे पाहिलं. फादर चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले की अगदी तसं नाही, पण साधारण तसं आहे.

"ती मला म्हनली हुती, गया, मला हितंच ठिव. दवाखान्याकडं तोंड करून ठिव," गयाबाई म्हणाली. "म्या कबूल केलंय."

 सर्कल साहेबांनी मला सांगितलं, लिहा: "हरकत मुदतीत आहे. निर्णय राखून ठेवण्यात येत आहे." गयाबाईने अंगठा दिला आणि ती उठून गेली.

सिस्टरला मी पाहिलेलं नाही. मंगळूरकडची बाई, आमच्या बाजूला तरुणपणी आली ती परत गेली नाही. गावची भाषा इतकी उचलली होती की लोक सांगत, ती देवाशीसुद्धा "काय करायलाव बाबा तुमी" असं बोलायची. जायच्या आधी तिने दवाखान्याशेजारी पुरा असं सांगितलं. दवाखान्याच्या आवारात जागा उरली नव्हती, म्हणून सर्कल साहेबांनी लागून असलेल्या आपल्या रानातले दोन गुंठे दिले. लिंबाच्या झाडाखाली साधी सिमेंटची कबर, वर नाव. सातबारा सर्कल साहेबांच्याच नावावर राहिला.

हे संतपदाचं एवढं काय घेऊन बसलात, असं मी त्यांना पहिल्या वर्षीच विचारलं. आमच्या घरात असल्या गोष्टींची चेष्टा व्हायची. मी म्हटलं, "चांगली बाई होती हे गावाला माहीत आहे. रोमच्या शिक्क्याने ती जास्त चांगली होणार आहे का?"

"सातबाऱ्यावर नाव लागल्यानं जमीन सुपीक होत न्हाई, मॅडम. पन नाव लागल्याबिगर तिच्यावर उभं राहून कायबी बोलता येत न्हाई."

"तुम्हाला काय बोलायचं आहे?"

ते उठून आत गेले. चार-सहा दिवसांनी मी वह्या तपासत असताना ते आपणहून ओसरीवर येऊन बसले आणि पुन्हा विचारलं नसताना सांगायला लागले.

त्यांची बायको पोटाच्या आजाराने गेली. नांदेडच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितल्यावर सिस्टरने तिला दवाखान्यातल्या एकुलत्या एका खाटेवर ठेवून घेतलं. त्याच आठवड्यात गारपीट झाली. सर्कलला पंचनाम्याला जावंच लागतं. चार दिवस ते दुसऱ्यांच्या रानात आडवी झालेली ज्वारी जागेवर जाऊन बघत फिरत होते. चौथ्या दिवशी दुपारी परत आले तेव्हा सगळं संपलं होतं. सिस्टर दारात उभी होती. ती म्हणाली, "घाबरली न्हाई ती. अजिबात घाबरली न्हाई. शांत गेली."

"आता हे ऐकीव हाय, मॅडम," ते म्हणाले. "रडत्या मानसाला सगळे असंच सांगत्यात. गारपिटीत मीबी लोकांना सांगत फिरत हुतो, सगळं भरून मिळंल म्हनून. मला ठाव हुतं न्हाई मिळायचं. तवा सिस्टर खरं बोलली का माझं मन राखलं, हे मला कसं कळावं? खोलीत दुसरं कोन न्हवतं. एकच साक्षीदार, तीबी मयत."

"मग संतपदाने काय होईल?"

"रोम तपास करतंय. मानसाचं सगळं आयुष्य उलगडून बघत्यात. त्यातून पास झाली म्हंजे ही बाई खोटं बोलनारी न्हवती असं मोठ्या कचेरीकडून लेखी येतंय. मंग तिची साक्ष पक्की."

माझ्या तोंडावर आलेलं सगळं शहाणपण मी गिळलं. मला भरून आलं होतं आणि त्यांना ते दिसू नये म्हणून मी एका पोराच्या निबंधावर उगाच लाल रेघा मारत बसले. पुढे कळलं की हे कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावाने कधी त्यांना त्याबद्दल छेडलं नाही, हे त्या गावाबद्दल मला फार आवडलेलं आहे.

यानंतर मी त्यांची कायमची पंच झाले.

पंचाची गरज अशी पडली. फादरांनी एकदा बोलता बोलता सांगितलं की रोमने मान्यता देण्याआधी मयताची उघड पूजा सुरू झाली असेल तर प्रकरण अडतं. एवढं ऐकलं आणि सर्कल साहेब कबरीकडे धावले. तिथे काय चाललं होतं ते गावात सगळे रोज बघत होते. गुरुवारी नारळ फुटायचे. मुसलमान बाया चादर चढवायच्या. तांड्यावरच्या बाया ओटी भरून जायच्या. औशाकडून एक कुटुंब दरवर्षी लेकराचं जावळ काढायला यायचं. आणि गयाबाई रोज दिवेलागणीला पणती लावायची.

हे सगळं सर्कल साहेबांना पूजा म्हणून दिसलंच नाही. त्यांना अतिक्रमण दिसलं. जमिनीवर बारा वर्षं कुणाचा बिनहरकत ताबा राहिला की तो माणूस मालकी सांगायला लागतो, आणि बारा वर्षं पणती जळली तर कबरीवर पणतीचा हक्क लागेल, असा त्यांचा हिशेब होता. ताबा रोज मोडला पाहिजे. म्हणून त्यांनी आधी पाटी लावली: "येथे नारळ फोडू नये, चादर चढवू नये, नवस बोलू नये. सदर मयत अद्याप संत नाहीत." पाटी वाचून लोकांची खात्री पटली की जागा जागृत आहे, नाहीतर एवढी मनाई कशाला असती. दुसऱ्या गुरुवारी पाटीला हार होता.

मग त्यांनी तारेचं कुंपण घातलं. बायांनी तारेला दोरे बांधले. शेवटी ते स्वतः खुर्ची टाकून बसायला लागले. महिनाभरात येणारे लोक आधी त्यांच्या पाया पडून मग कबरीकडे वळू लागले. धर्माबादहून आलेल्या एका माणसाने त्यांना विचारलं की महाराज, आपण इथले किती वर्षांपासूनचे सेवेकरी. सर्कल साहेबांनी त्याचा जबाब घेतला.

काढलेल्या प्रत्येक वस्तूचा पंचनामा व्हायचा. "नारळ एक, फुटलेला, खोबरे ओले. वाहणार: अमुक, राहणार: तमुक. कारण: सुनेस दिवस राहावेत." खाली माझी आणि चहावाल्याची सही. वस्तू मग ते परत करायला जात. मी त्यांना हिरवी चादर काखेत घेऊन एसटीने कंधारला जाताना पाहिलेलं आहे. ज्या बाईची चादर होती तिने त्यांना जेवू घातलं आणि पुढच्या गुरुवारी तीच चादर पुन्हा आणून चढवली. कुणीतरी सिस्टरच्या फोटोला मोबाइलवर डोक्यामागे सोनेरी वलय लावून गावच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा तर ते त्या पोराच्या दुकानात जाऊन उभे राहिले आणि वलय पुसून फोटो परत टाकल्याशिवाय हलले नाहीत. रोमच्या आधी वलय द्यायचा अधिकार मोबाइल दुकानदाराला कुणी दिला, हा त्यांचा सवाल होता.

पणतीचं मात्र वेगळं होतं. गयाबाई येऊन पणती लावायची, पदर पुढे घेऊन उभी राहायची आणि निघून जायची. ती वळेपर्यंत सर्कल साहेब खुर्चीत गप्प बसत. ती दवाखान्याच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली की उठून दोन बोटांनी वात विझवत. तिला ते माहीत होतं.

"तेल वाया जातंय तुमच्यापायी," ती एकदा म्हणाली.

"मंग लावू नका."

"तुमी इझवू नका."

"माझं काम हाय ते."

"माझंबी काम हाय."

एवढ्यावर दोघं रोज येत राहिले. वर्षातून एकदा सर्कल साहेब तिला विचारत की सिस्टरबद्दल साक्ष देता का, वीस वर्षं जवळ होता तुम्ही. ती दरवेळी म्हणे, "मला काय ठाव न्हाई." ते नोंद करत: "साक्षीदार माहिती देण्यास इच्छुक नाही." मला ती हेकट वाटायची. ज्या बाईसाठी रोज तेल जाळते तिच्यासाठी दोन शब्द बोलत नाही, याचा मला रागही यायचा.

तिसऱ्या वर्षी धर्मप्रांताच्या कचेरीतून एक वयस्क फादर चौकशीला आले. शांत माणूस, कमी बोलणारा. कबरीपाशी आले तर सगळं स्वच्छ. ना फूल, ना दोरा, सर्कल साहेबांनी आदल्या दिवशी कुंपणसुद्धा पुसून घेतलं होतं. फादरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "लोक येत नाहीत वाटतं इथे?"

"बिलकुल न्हाई," सर्कल साहेब अभिमानाने म्हणाले. "येऊ दिलं न्हाई."

"मग कठीण आहे," फादर म्हणाले. "लोक तिला पवित्र मानतात हीच तर पहिली गोष्ट आम्ही बघतो. चर्चने वेदी बांधून पूजा चालवायची नाही, एवढाच नियम आहे. माणसं आपापली येऊन प्रार्थना करतात त्याला कुणाची मनाई नाही."

सर्कल साहेबांनी लेखी नियम मागितला. फादरांनी पिशवीतून पुस्तक काढून दाखवला. सर्कल साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"म्हंजे मी तीन वर्षं अतिक्रमण हटवत न्हवतो," ते म्हणाले. "सबूत हटवत हुतो."

मग ते आत गेले आणि पंचनाम्यांच्या चार वह्या आणि बायकोच्या शेवटच्या दिवसाबद्दल स्वतः लिहिलेल्या जबाबाचं पाकीट घेऊन आले. पाहुणे फादर दोन दिवस आमच्या ओसरीवर बसून त्या वाचत होते. कोण आलं, कुठून आलं, काय मागितलं, सगळं दोन पंचांच्या सहीने. ते म्हणाले की त्यांच्या उभ्या हयातीत एवढा चोख पुरावा त्यांनी पाहिलेला नाही. सर्कल साहेबांनी त्या दिवशी स्वतःच्या चहात साखर जास्त घातली.

तिसऱ्या दिवशी पाहुण्या फादरांनी पिशवीतून एक कागद काढला. रस्त्याकडेची, खाजगी मालकीच्या रानातली कबर बिशपांना चालणार नव्हती. प्रकरण उघडायचं तर सिस्टरचे अवशेष आधी शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये न्यायचे, तिथे लक्ष राहील, लोकांनाही सोयीचं. सरकारी परवानगी ते काढणार होते. जमीनमालकाचं ना-हरकत पत्र तेवढं हवं होतं. ते मिळालं तर वर्षभरात काम सुरू. नाही मिळालं तर धर्मप्रांताकडे आणखी दोन नावं थांबलेली होती.

"सही केली की रोमचा तपास सुरू?" सर्कल साहेबांनी विचारलं.

"सुरू."

"तिचं बोललेलं सगळं तपासनार?"

"एकेक शब्द."

मी तिथे होते. त्यांनी निळं पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुन्हा लावलं. "एक हरकत पेंडिंग हाय," ते म्हणाले. "पंधरा दिवस द्या."

गयाबाईला बोलावलं. ती पायरीवर बसली. पाहुणे फादरही तिथेच होते, त्यांनी तिला मऊ आवाजात समजावलं की सिस्टरचा मान वाढेल, दुरून लोक येतील.

"येऊ द्या. तिला जागेवर ठिवून येऊ द्या," ती म्हणाली.

"गयाबाई," सर्कल साहेब म्हणाले, "मला रोमकडून काय पायजे ते तुमाला ठाव हाय."

"ठाव हाय."

"ते हेच्याबिगर मिळत न्हाई."

गयाबाईने तोंड उघडलं, मग मिटलं. "मला जे बोलायचं ते तीन वर्षांमागं बोलले," ती म्हणाली आणि गेली.

त्या पंधरा दिवसांत सर्कल साहेब कबरीकडे फिरकले नाहीत. घरात भाकरी तशीच पडायची. मी त्यांना म्हटलं की सही करून टाका, हाडांना काय कळतं. मला मनापासून वाटत होतं की त्यांना त्यांचा कागद मिळावा. ते म्हणाले, "हाडाला कळत न्हाई. कबूल केलेल्या मानसाला कळतंय."

पंधराव्या दिवशी त्यांनी निकाल लिहिला. नेहमीप्रमाणे मला वाचायला दिला. "हरकतदार यांनी मयताची शेवटची इच्छा स्वतः ऐकलेली असून ती पाळण्याचे कबूल केलेले आहे. निम्नस्वाक्षरीकार यांस सदर प्रकरणी जे पाहिजे आहे ते स्वतःकरिता पाहिजे आहे. सबब हरकत मान्य. ना-हरकत देता येत नाही."

मी म्हटलं, "साहेब, आणखी एकदा विचार करा."

"केलाय," ते म्हणाले आणि पाकीट डकवलं.

दीड महिन्याने धर्मप्रांताचं पत्र आलं: प्रकरण तूर्त स्थगित. वह्या परत आल्या, बरोबर सर्कल साहेबांनी बायकोबद्दल लिहून दिलेला जबाबही परत आला. ते पाकीट त्यांनी उघडलं नाही. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. शर्ट मात्र इस्त्रीचाच होता.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, गयाबाई ओसरीवर आली. आजवर ती बोलावल्याशिवाय आलेली मी पाहिली नव्हती. मी वह्या तपासत होते, सर्कल साहेब पेपर धरून बसले होते.

"केस मिटली ना?" तिने विचारलं.

"स्थगित हाय."

"म्हंजे?"

"मिटली."

"आता कोन मला शपथ घालून इचारनार न्हाई?"

"न्हाई."

गयाबाई पायरीवर बसली. "मंग सांगते. तुमची मालकीन गेली त्या दिशी मी आत हुते."

सर्कल साहेबांच्या हातातला पेपर तसाच राहिला.

"सिस्टरनं बजावलं हुतं, साहेबाला ह्यातलं बोलायचं न्हाई. केस चालू असताना बोलले असते तर सिस्टर खोटी पडली असती. म्हनून गप ऱ्हायले." तिने पदर नीट केला. "घाबरली हुती तुमची मालकीन. लई घाबरली हुती. खाटंचा गज धरून बसली. ह्यांना बोलवा, ह्यांना बोलवा, म्हनत हुती. मंग सिस्टरनं चपला काढल्या, खाटंवर चढली, भिंतीला टेकून बसली अन तिचं डोकं मांडीवर घेतलं. अन तिला माहेरचं इचारत बसली. घर कसं हुतं, म्हशी किती हुत्या, इहिरीला पायऱ्या किती. बाई एकेक सांगत गेली. मंग न्हाई घाबरली. सांगता सांगताच गेली."

 मला वाटलं होतं ते त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारतील.

"किती वेळ?" ते म्हणाले.

"काय किती वेळ?"

"घाबरलेली. किती वेळ हुती?"

गयाबाईने विचार केला. "चुलीवर सुयांचं पानी ठिवलं हुतं. त्याला आधन येईस्तवर."

"भगुनं केवढं?"

"ल्हान."

त्यांनी मान हलवली. "म्हंजे सिस्टर मला अर्धं खोटं बोलली."

"हाव."

"ही हरकत टिकली असती."

"म्हनून तर."

मी उठून आत जायला हवं होतं, पण मी बसूनच राहिले. सर्कल साहेबांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग त्यांनी खाली बघतच विचारलं, "इहिरीला पायऱ्या किती म्हनली ती?"

"बावीस."

"बावीसच हायत," ते म्हणाले. "लग्नाच्या दिशी मी मोजल्या हुत्या." आणि हाताने तोंड झाकून, लेकरासारखे, ते रडायला लागले.